कॅमशाफ्ट बदलूनही पिकअप का मिळत नाही? एस्टीमच्या इंजिनावर केलेला तपास

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी सारखीच असते. कंपनी फिटिंगच्या इंजिनात, बाकी काहीही न बदलता, जास्त लिफ्टचा आणि मोठ्या ड्युरेशनचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उचलणारा आणि जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅमशाफ्ट बसवलेला असतो. गाडी सुरू होते, आयडलिंगला एक लयदार गुरगुर येते आणि ती मालकाला आवडतेही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मात्र ध्यानात येते की दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसच्या वेगावर गाडी पूर्वीसारखी उचलत नाही, सिग्नलला एसी चालू असला की इंजिन बंद पडते, चढावर एक गिअर खाली यावे लागते आणि पेट्रोल जास्त लागते ते वेगळेच. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलल्या जातात, पेट्रोलच्या दर्जावर संशय घेतला जातो आणि महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो: कॅम चांगला आहे, तर पिकअप गेला कुठे?

मी हा तपास माझ्या २००५ सालच्या मारुती एस्टीमवर केला, म्हणून उदाहरण तिचेच घेतो. १२९८ सीसी, ७४ मिमी बोअर, ७५.५ मिमी स्ट्रोक, १६ व्हॉल्व्ह, पण कॅमशाफ्ट एकच. टायमिंग बेल्टवर चालणारा. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देण्याची पद्धत) आल्यानंतर या इंजिनाची ताकद ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, सुमारे ८५ अश्वशक्ती होती. २००७ मध्ये एस्टीमचे उत्पादन थांबले, तरी रॅली आणि सर्किटवर ही गाडी वर्षानुवर्षे धावल्यामुळे तिच्यासाठी निराळे कॅम करून देणारे लोक सापडतात, आणि मोहाची सुरुवात तिथेच होते.

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच सांगून टाकतो. बाकी सगळे मूळचे ठेवून फक्त कॅम बदलला, तर रोजच्या वापरात गाडी बहुधा मंदावते. वरच्या आरपीएमला जी थोडी ताकद वाढते ती वापरण्याची वेळ शहरात येतच नाही. शिवाय बिघाडाच्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत कॅम निवडण्यात चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक तो बसवण्यात होती. म्हणून कॅमला दोष देण्याआधी खालचा तपास करावा.

कॅम नेमके काय बदलतो, हे कळले नाही तर तपासाला दिशा मिळत नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते आणि त्या एका फेरीत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होतो. व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. लोक लिफ्टचा आकडा अभिमानाने सांगतात. गाडीचा स्वभाव मात्र मुख्यतः ड्युरेशन ठरवते, आणि त्यातही इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) बंद होण्याची वेळ. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर येऊ लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. वेगात धावणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला इतका रेटा असतो की पिस्टन वर सरकत असतानाही ती सिलिंडरमध्ये घुसत राहते, आणि त्या वेळी उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह फायद्याचा ठरतो. आरपीएम १५०० असेल तेव्हा हवेला तो रेटा नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेल्या मिश्रणापैकी काही भाग सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये, परत ढकलतो. जे मिश्रण सिलिंडरमध्ये उरलेच नाही ते जळणार कसे? दुसऱ्या गिअरमध्ये जाणवणारा तो पोकळपणा इथून येतो.

ताकदीचे गणितही एकदा वहीवर मांडून पाहावे. किलोवॉटमधील ताकद म्हणजे न्यूटन-मीटरमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. ६००० आरपीएमला ८५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६२.५ किलोवॉट, म्हणजे त्या आरपीएमला इंजिनाचा टॉर्क जेमतेम १०० न्यूटन-मीटर आहे. हाच टॉर्क ७००० आरपीएमपर्यंत टिकवता आला तर ताकद सुमारे ७३ किलोवॉट, म्हणजे जवळपास १०० अश्वशक्ती होते. मोठ्या कॅमचे सगळे आश्वासन या एका वाक्यात आहे. टॉर्क वाढलेला नाही, तो फक्त आणखी हजार आरपीएम टिकला आहे. आता स्वतःला विचारावे की आपली गाडी ७००० आरपीएमला दिवसातून किती वेळ असते, मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) तिथपर्यंत इंजिनाला जाऊ देतो का, आणि मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंग, मूळ एग्झॉस्ट मॅनिफोल्ड व मूळ थ्रॉटल बॉडी त्या वेगाला हवेची ये-जा सांभाळू शकतात का. यांतल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ती १५ अश्वशक्ती कागदावरच राहते आणि खालच्या आरपीएमला गमावलेला टॉर्क मात्र रोज खरोखर जाणवतो.

हे मला सगळ्यांत स्पष्ट कळले ते खंबाटकी घाटात. पुण्याहून साताऱ्याला जाताना घाटात ट्रकमागे अडकलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर चढवणे ही एस्टीमसाठी कधीच अडचण नव्हती. नवा कॅम बसवल्यावर तिथेच पाय अर्ध्याहून जास्त दाबूनही गाडी नुसती घरघरत राहिली. दुसरा गिअर टाकून ४००० ओलांडल्यावर ती एकदम मोकळी झाली, पण तोवर पुढच्या ट्रकचा मागचा बंपर आलेला होता.

आता प्रत्यक्ष तपास. सुरुवात कागदापासून करावी. कॅमबरोबर त्याचे कार्ड मिळाले आहे का, त्यावर लिफ्ट, ड्युरेशन, इनटेकची सेंटरलाइन (इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो क्रँकचा अंश) आणि टॅपेटचे अंतर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ठेवायची फट) दिले आहे का, हे पाहावे. कार्ड नसेल तर आपण काय बसवले आहे हे कोणालाच ठाऊक नाही असे समजावे. ढोबळ मानाने सांगायचे तर रस्त्यावरच्या सौम्य कॅमचे ड्युरेशन २६० अंशांच्या आसपास असते, २८० च्या पुढे रॅलीचे काम सुरू होते आणि ३०० च्या पुढचा कॅम रोजच्या गाडीत बसवणे ही स्वतःची थट्टा आहे. मात्र दोन कॅमची तुलना करताना दोन्हींचे ड्युरेशन एकाच लिफ्टपासून मोजलेले आहे याची खात्री करावी. एकाने व्हॉल्व्ह हलू लागल्यापासून मोजले आणि दुसऱ्याने एक मिलिमीटर उचलल्यावर मोजले, तर आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी व्हॅक्युम गेजची. मूळ स्थितीतले निरोगी इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच पारा एवढा व्हॅक्युम दाखवते. पुण्याच्या उंचीवर हा आकडा दीड-दोन इंचांनी कमी येतो, त्यामुळे मुंबईतल्या मित्राच्या गाडीशी तुलना करून घाबरू नये. मोठा कॅम असेल तर इनटेक आणि एग्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो आणि व्हॅक्युम १२-१४ इंचांपर्यंत उतरू शकतो. हा कॅमचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. पण सौम्य म्हणून विकत घेतलेल्या कॅमवर गेज १२ दाखवत असेल, तर कॅमचे टायमिंग चुकल्याची शंका घ्यावी. व्हॅक्युम कमी झाल्याने ब्रेक बूस्टरची मदतही घटते. पेडल कडक लागू लागले असेल तर कारण इथे आहे आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट करताना अनेकांची दिशाभूल होते. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असल्यामुळे स्टार्टरवर फिरवताना मिळणारे कॉम्प्रेशन मुळातच कमी येते. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील, तर पिस्टनच्या रिंग झिजल्या म्हणून इंजिन उघडायला घेऊ नये. आधी कॅमचे टायमिंग पाहावे. एकच सिलिंडर कमी असेल तर गोष्ट निराळी: व्हॉल्व्ह नीट बसत नसणे, टॅपेटला अंतरच न उरणे किंवा रिंग, यांपैकी काहीतरी तिथे आहे. माझ्या गाडीत चारही आकडे एकमेकांना धरून होते आणि चारही पूर्वीपेक्षा चांगलेच खाली होते.

मग टायमिंग. माझ्या मते बहुतेक प्रकरणांची गाठ इथेच सुटते, म्हणून इथे थोडा वेळ घालवावा. ज्या मिस्त्रींनी कॅम बसवला त्यांनी पुलीवरच्या खुणा जुळवल्या होत्या, असे ते सांगत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. अडचण अशी की इंजिन गाडीत असताना खालची खूण तिरप्या नजरेने पाहावी लागते, आणि बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासल्या नाहीत तर बेल्टचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला राहून एक दात सहज सरकतो. एका दाताची किंमत किती, हे मोजून पाहावे: कॅमच्या पुलीला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. अठरा अंश उशिरा चालणारा सौम्य कॅम हा खालच्या आरपीएमला रॅलीच्या कॅमसारखाच वागतो.

खुणांवर विश्वास न ठेवता मोजण्याची पद्धत घरी करता येण्यासारखी आहे. मी ३६० अंशांचे वर्तुळ कागदावर छापून ते एका जुन्या सीडीवर चिकटवले, सीडी क्रँकच्या पुलीवर बसवली आणि काटा म्हणून सायकलची एक तार वाकवून पंपाच्या बोल्टखाली दाबली. पहिल्या सिलिंडरचा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यांत वर असतो ती जागा, प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून डोळ्यांनी ठरवू नये, कारण टीडीसीच्या आसपास पिस्टन कित्येक अंश जवळजवळ स्थिर असतो. प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा स्टॉप बसवावा, क्रँक हाताने एका बाजूने अडेपर्यंत, मग उलट बाजूने अडेपर्यंत फिरवावा आणि दोन्ही आकड्यांच्या बरोबर मध्ये शून्य आणावे. स्टॉप काढल्यानंतर डायल गेजचे टोक पहिल्या इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या टोपीवर) टेकवावे, पूर्ण लिफ्टच्या एक मिलिमीटर आधीचा आणि एक मिलिमीटर नंतरचा क्रँकचा अंश टिपावा, आणि त्यांची सरासरी घ्यावी. ती इनटेकची सेंटरलाइन. सेंटरलाइन मोजताना क्रँक नेहमी इंजिनाच्या दिशेनेच फिरवावा. चुकून पुढे गेल्यास मागे न आणता पुन्हा पूर्ण फेरी मारावी, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा मोजमापात शिरतो.

माझे आकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला सीडीचीच चूक वाटली. तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा सेंटरलाइन कार्डापेक्षा उशिरा आली. फरक जवळपास एका दाताएवढा होता. बेल्ट काढून एक दात दुरुस्त केल्यावर उरलेला तीन-चार अंशांचा फरक व्हर्नियर पुलीने, म्हणजे कॅम थोड्या थोड्या अंशांनी सरकवता येणाऱ्या पुलीने, काढला. या इंजिनात इनटेक आणि एग्झॉस्ट एकाच शाफ्टवर असल्यामुळे पुली फिरवली की दोन्ही एकत्र सरकतात. कॅम पुढे घेतला की खालची ओढ सुधारते आणि वरची थोडी घटते, मागे नेला की उलट होते. रस्त्यावरच्या गाडीसाठी कार्डापेक्षा एक-दोन अंश पुढे ठेवणे मला योग्य वाटते.

मात्र पुली फिरवण्याआधी पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर मोजलेलेच असले पाहिजे. मूळ कॅमवर बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत असे तुमच्या इंजिनाबद्दल ऐकले असेल, तर जास्त लिफ्टचा कॅम बसवल्यावर ती हमी संपली असे समजावे. हेड उघडे असताना पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापावी, तिला तेलाचा हात लावावा, जुनी गॅस्केट घालून हेड आवळावे आणि क्रँक हाताने दोन फेऱ्या सावकाश फिरवावा. हेड उचलल्यावर क्लेमध्ये व्हॉल्व्हचे ठसे उमटलेले दिसतात. ब्लेडने ती मधोमध कापून सगळ्यांत पातळ जागी जाडी मोजावी. इनटेकला दीड आणि एग्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी अंतर मला चालत नाही. एग्झॉस्टला जास्त का, तर तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो.

टॅपेटचे अंतर नव्या कॅमच्या कार्डाप्रमाणे ठेवावे, जुन्या मॅन्युअलप्रमाणे नव्हे. स्प्रिंगबद्दल थोडक्यात एवढेच: पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत किमान एक मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे, आणि गाडी ५५०० पर्यंत छान ओढून त्यानंतर फडफडत मिसिंग करत असेल, तर इग्निशनआधी स्प्रिंगवर संशय घ्यावा. खालच्या आरपीएमच्या तक्रारीशी स्प्रिंगचा संबंध नसतो.

आपल्याकडे अनेकदा कॅम नवा नसतोच. मूळ कॅम घासून दिलेला असतो. लोबचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्याचे, टोक वाढवता येत नाही, म्हणून त्याचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, खाली घेऊन लिफ्ट वाढवली जाते. पद्धत जुनी आणि मान्य आहे, पण तिच्यात दोन धोके आहेत. बेस सर्कल लहान झाल्याने रॉकरचा (लोबचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो आणि टॅपेटचा स्क्रू जवळपास शेवटच्या आट्यांवर येतो. आणि दुसरे म्हणजे कडक थर. सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅम पुरवतो; तिथे ज्या चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमसाठी तो ओळखला जातो, त्यात ओतकामाच्या वेळीच लोबचा बाहेरचा भाग झपाट्याने थंड करून कडक केला जातो. हा कडकपणा पृष्ठभागापासून ठरावीक खोलीपर्यंतच असतो. घासताना तो थर ओलांडला गेला तर लोब काही हजार किलोमीटरमध्ये झिजतो, आणि मग टॅपेट कितीही वेळा सेट केले तरी टकटक परत येते. वारंवार ढिले होणारे टॅपेट हे अशा कॅमचे ठरलेले लक्षण आहे. नवा किंवा घासलेला कॅम बसवताना लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी आणि इंजिन सुरू होताच पहिली वीस मिनिटे २००० ते २५०० आरपीएमवर ठेवावे. आयडलिंगवर लोबला तेल कमी मिळते आणि दाब जास्त पडतो, त्यामुळे ‘गुरगुर कशी येते बघू’ हा मोह त्या वेळी आवरावा.

यांत्रिक बाजू बरोबर आहे हे सिद्ध झाल्यावरच इंधनाकडे वळावे. हे इंजिन आत येणारी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सरने वाचून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. ओव्हरलॅपमुळे व्हॅक्युम घटला की ईसीयूला वाटते इंजिनावर भार आला आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. ऑक्सिजन सेन्सर ते कमी करू पाहतो. पण ओव्हरलॅपमध्ये न जळलेली हवा सरळ एग्झॉस्टमध्ये गेल्याने त्या सेन्सरलाही मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. दोन चुकीच्या साक्षीदारांमध्ये ईसीयू सापडतो आणि आयडलिंग वरखाली झुलत राहते. थ्रॉटल बॉडी धुऊन किंवा सेन्सर बदलून हे थांबत नाही. मूळ ईसीयूवर सौम्य कॅम चालून जातो; त्यापुढचा कॅम हवा असेल तर नवे मॅपिंग हा खर्चाचा भाग आहे, नंतर पाहू म्हणून सोडण्याची गोष्ट नव्हे.

पीयूसीच्या मशीनवर हे सगळे लगेच उघड होते. भारत स्टेज २ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. ओव्हरलॅपमधून निसटणारे कच्चे पेट्रोल हायड्रोकार्बनचा आकडाच वाढवते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही काळ ते झाकून घेतो आणि मग स्वतःच जातो.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो, की मूळ इंजिनात कॅम बदलावा का. माझा सल्ला असा की आधी मूळ कॅमवरच वर सांगितलेले मोजमाप करावे. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात ताणलेला बेल्ट, हेड घासल्यामुळे मागे पडलेले टायमिंग, बंद होत आलेला कन्व्हर्टर किंवा घसरणारी क्लच प्लेट यांपैकी काहीतरी हमखास सापडते, आणि ते दुरुस्त केल्यावर मिळणारा फरक लोकांना कॅमकडून अपेक्षित असलेल्या फरकाहून जास्त असतो. व्हॅक्युम गेज जोडून पूर्ण थ्रॉटलवर ५५०० आरपीएमला नेऊन पाहावे. काटा शून्याच्या जवळ न राहता दोन इंच दाखवत असेल, तर हवेचा रस्ता फिल्टर किंवा थ्रॉटलपाशीच अडला आहे आणि व्हॉल्व्ह कितीही वेळ उघडा ठेवला तरी उपयोग नाही. इंजिन तसेही पूर्ण उघडणार असेल, हेडच्या पोर्टचे काम, मोकळा एग्झॉस्ट हेडर, कॅमला साजेसे वाढवलेले कॉम्प्रेशन आणि मॅपिंग एकत्र करायचे असेल, आणि गाडी मुख्यतः ट्रॅकसाठी असेल, तर कॅम त्या साखळीतला खरोखर उत्तम दुवा आहे. टर्बो आणि व्हीव्हीटीच्या (चालता चालता व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणाऱ्या) इंजिनांना हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दोन्ही टोकांना चांगले हवे असेल तर एकाच इंजिनात दोन प्रकारचे लोब ठेवावे लागतात. होंडाने १९८९ पासून व्हीटेकमध्ये तेच केले, आणि आपल्याकडची जुनी सिटी व्हीटेक लोकांच्या आठवणीत राहिली ती त्यामुळेच.

माझ्या गाडीत टायमिंग दुरुस्त झाल्यावर खालची ओढ बरीचशी परतली, आयडलिंग ९०० वर स्थिरावले, तरी घाटात ती मूळ कॅमच्या बरोबरीला आली नाही. पुढच्या बेल्ट बदलाच्या वेळी मी मूळ कॅम परत बसवला. तो परत बसवता आला याचे कारण एवढेच, की काढताना प्रत्येक रॉकर कोणत्या लोबवरचा आहे याची चिठ्ठी बांधून ठेवली होती. झिजेने एकमेकांना सरावलेली ही जोडी अदलाबदल झाली तर चांगला कॅमही खराब होतो. म्हणून काढलेला कॅम तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून उभा ठेवावा, रॉकर क्रमाने एका डब्यात ठेवावेत आणि तो डबा भंगारवाल्याच्या नजरेस पडणार नाही अशा जागी न्यावा.